टाकीचे अंतर कशापासून मोजावे?

तेलाच्या टाकीपासून जाळ किती दूर असावा, हे नियम सांगतो. पण जिथे जाळाची जागाच दर पंधरवड्याला सरकते, तिथे ते अंतर कशापासून मोजावे? हा प्रश्न मला प्रथम पडला तेव्हा मी किहीमच्या उत्तरेला, रेवसच्या वाटेवरील एका कोळीवाड्यात प्राथमिक शिक्षक होतो. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि होड्यांना इंजिने बसू लागली होती. त्याआधी गावाला तेल म्हणजे कंदिलापुरते घासलेट एवढेच ठाऊक होते. आता डिझेलची पिंपे येऊ लागली आणि मच्छीमार संस्थेने एक लोखंडी टाकी आणवली.

टाकीसाठी पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या, वरच्या अंगाला, घरांपासून दूर, दगडी चौथरा बांधला. परवान्यापूर्वी मुंबईहून लाँचने तपासणी अधिकारी आले. ते सभ्य आणि काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी साखळी धरून घरे, चुली, लोहाराची भट्टी आणि बैलगाडीची वाट यांपासूनची अंतरे मोजली. ती सर्व नियमात बसली. समोर नुसती मोकळी वाळू होती. ग्रामपंचायतीचे लिखाण माझ्याकडे असे, म्हणून मी बरोबर होतो. मलाही त्या वाळूत काही वावगे दिसले नाही.

दिवस अष्टमीचा होता. हा योगायोग नव्हता, हे पुढे कळले. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. त्या दिवसांत संध्याकाळच्या ओहोटीला रेवसच्या धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो आणि लाँच अडकते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फार चढत नाही व फार उतरतही नाही. म्हणून एका दिवसात येऊन परतणारा अधिकारी नेहमी भांगाचा दिवस निवडी. म्हणजे समुद्र सर्वांत कमी हालतो, नेमका त्या दिवशी आमचा किनारा तपासला जात असे.

आता होडी शेकण्याविषयी सांगितले पाहिजे. पाण्यात राहणाऱ्या लाकडाला किडा लागतो. तो मारण्यासाठी होडी भरतीबरोबर पुळणीवर चढवतात, पाणी उतरले की तिच्या बुडाखाली नारळीच्या सुक्या झावळ्यांच्या चुडी पेटवून फिरवतात आणि मग तेल चोपडतात. उधाणाच्या भरतीशिवाय होडी इतकी वर येत नाही. म्हणून शेकण्याचा जाळ अमावास्या-पौर्णिमेलाच दिसतो, एरवी तिथे राखही उरत नाही. पुढची भरती ती धुऊन नेते. अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांना जाळाविषयी विचारले होते. गावकऱ्यांनी चुली दाखवल्या, भट्टी दाखवली. पुळणीचा जाळ कोणी लपवला नाही. जो जाळ समुद्राबरोबर येतो-जातो त्याला एखादी जागा असते, हे कोणाच्या मनातच आले नाही.

पहिल्याच अमावास्येला संस्थेच्या अध्यक्षांनी, जे स्वतः एका इंजिनहोडीचे नाखवा होते, आपली होडी चढवली. दुपारच्या भरतीने ती चौथऱ्याच्या बरीच जवळ येऊन टेकली. पाणी उतरल्यावर त्यांनी चुडी पेटवल्या. मी चौथीला खारे वारे आणि मतलई वारे शिकवीत असे. दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो हे मुलांना तोंडपाठ होते. त्या वाऱ्याने एक जळते पान चौथऱ्यावर नेऊन टाकले. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही, हे खरे; परंतु तोटीखाली तेलाने भिजलेल्या चिंध्या पडल्या होत्या. त्या पेटल्या.

चौथऱ्याच्या मागे, पाण्यापासून आणखी दूर असलेल्या उंचवट्यावर एक विधवा बाई जवळा वाळत घालीत असे. सारे तिला काकी म्हणत. तिने धावत येऊन हातातली ओल्या जवळ्याची पाटीच्या पाटी त्या चिंध्यांवर उपडी केली आणि वर वाळू लोटली. आग विझली.

"काके, जीव वाचवलास गो!" अध्यक्ष धापा टाकीत म्हणाले.

"माजा जवला भाजलास, नाखवा. आता मीठमसाला तेवडा घेऊन ये!"

लोक हसले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा भरली. टाकी हलवली पाहिजे, यावर पुरुषांचे लगेच एकमत झाले. पण कुठे? उधाणाचे पाणी पोचत नाही आणि घरांपासूनही पुरेशी दूर, अशी दुसरी जागा गावात एकच होती: काकीचा उंचवटा. तिचे घर वाळवणावर चालत असे. ओल्या वाळूत जवळा सुकत नाही, कुजतो.

अध्यक्ष म्हणाले, "काकी, गावाचं काम हाय. तुला दुसरी जागा देऊ."

"कंची? दाखव. खाडीच्या चिखलात?"

"मग काय करावं? शेकनं बंद करावं? बापजाद्यांपासून उधानाला दर्या होडी ठेवील तिथंच ती शेकायची. दर्याला काय अंतर सांगनार?"

"दर्याला नको सांगूस. सुकानू तुज्याच हातात हाय ना? जरा उत्तरेला फिरव. माजं वालवन हलत न्हाय, टाकी हलत न्हाय. तुजी होडी हलते. जी हलते ती हलव!"

"उत्तरेला खडक हाय. होडीचं बूड घासंल."

"हलू आन. इंजिन कशाला घेतलंस?"

पडवीत पुन्हा हशा पिकला, पण निर्णय झाला नाही. अध्यक्षांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. उत्तरेला होडी चढवणे कष्टाचे होते. सभेने एवढेच ठरवले, की अधिकाऱ्यांना पुन्हा बोलवावे. मी पत्रात लिहिले, की कृपया येत्या पौर्णिमेस यावे. परतीची लाँच मिळणार नाही, मुक्कामाची सोय शाळेत होईल.

ते आले. दुपारच्या भरतीला त्यांनी पाणी चौथऱ्याकडे चढताना पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, मागच्या वेळी हा समुद्र कुठे होता?"

"इथेच होता, साहेब. आपण भांगाला आला होतात."

"पण नियमाला एक स्थिर बिंदू लागतो. फिरत्या जाळापासून मी अंतर कसे लिहू?"

मी सुचवले, की जाळापासून मोजूच नये. टाकीपासून मोजावे, आणि तेही आजच्या पाण्याच्या रेषेवर. जिथे अंतर पुरे होईल तिथे दोन्ही बाजूंना दगड रोवावेत. दगडांच्या मध्ये कोणत्याही तिथीला चूड पेटवू नये. भरती कितीही चढो, दगड जागचे हलणार नाहीत. त्यांनी ते मान्य केले. पंचायतीने तसा ठराव केला, चौथऱ्याभोवती मातीचा बांध घातला आणि चिंध्यांसाठी झाकणाचा डबा ठेवला. काकीचे वाळवण जागच्या जागी राहिले. त्या रात्री साहेबांच्या ताटात तिच्याकडचा जवळा होता.

अध्यक्षांना ठराव मनापासून पटला असे मला कधीच वाटले नाही. उत्तरेला होडी नेताना ते दर वेळी काकीच्या नावाने काहीतरी पुटपुटत, पण नेत. काकी दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी शिंपल्यांच्या चुन्याने दोन्ही दगड स्वतः रंगवी. ते काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

माझी बदली झाली. दगड जागचे हलणार नाहीत, असे मी म्हणालो होतो, ते बरोबरच होते. परंतु पुळण हलते, हे मी त्या दिवशी हिशेबात धरले नव्हते. काही पावसाळे वाळू आणतात, काही घेऊन जातात, आणि पाण्याची रेषा तिच्याबरोबर सरकते. रेषा आत आली, की दगडांबाहेर लागलेली होडीही टाकीच्या जवळ येते. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला मिळाले: अंतर स्थिर वस्तूपासून मोजावे, पण समुद्र सर्वांत जास्त हलतो त्या दिवशी. किती वर्षांनी पुन्हा मोजावे, हे दुसरे अर्धे मला ठाऊक नाही.

तुमच्या किनाऱ्यावर अशी टाकी असेल, तर माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. भांगाच्या दिवशी जाऊ नका. उधाणाला दुपारच्या भरतीच्या वेळी जा, पाणी कुठवर येते ते पाहा, आणि अंतर स्वतः मोजा.