पाकट आणि पाण्याचा साहेब

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचं सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडणं, हे माझं काम. हुद्दा ऑफिसरचा, पण दिवस सगळा गटाराच्या काठावर. आमच्या मोठ्या टाकीत बॅक्टेरिया असतात, तेच पाण्यातली घाण खातात. त्यांना आम्ही शेण आणि गूळ घालून जगवायचो. त्या टाकीजवळ कुणी ब्लीचिंग पावडरची गोणी नुसती ठेवली, तरी मी ऑपरेटरची अशी हजेरी घ्यायचो की शेजारच्या कंपनीला ऐकू जाई. पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

त्याच गुर्मीत, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, मी उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका दुकानात स्टिंग रे पाहिला. म्हणजे आपलं पाकटच, पण गोड्या पाण्यातलं. ताटलीएवढं, ठिपक्याठिपक्यांचं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पाकटाचं कालवण करतात. पाळतं कोण?"

दुकानदार सिंधी, जन्म माशांत गेलेला. "साईं, इसको ऊंचाई नहीं, जमीन चाहिए," तो म्हणाला. मग कॅम्प चारच्या काचवाल्याकडून सहा बाय तीनचा, बुटका टँक करून घेतला. बदलापूरच्या आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टँक आला, त्यात पाकट आलं आणि सोफा गॅलरीत गेला. पाहुणे सतरंजीवर बसू लागले आणि मी त्यांना पाण्याच्या रसायनशास्त्रावर व्याख्यान देऊ लागलो. ते चहा संपवून लवकर उठत.

आई गेल्यापासून वडील बोलेनासे झाले होते. जन्मभर कारखान्यात हेल्परचं काम करून त्यांनी मला बीएस्सी केलं होतं. टँकची वाळू धुवायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. पाकट अंगावर वाळू ओढून बसतं, म्हणून ती बारीक आणि स्वच्छ लागते. महिन्याभरात ते वडिलांच्या हातून कोळंबी घेऊ लागलं. शेपटीच्या काट्याबद्दल मी रोज बजावायचो, ते "हो" म्हणायचे आणि हात पाण्यात घालायचे. संध्याकाळी मी आलो की, आज किती कोळंब्या खाल्ल्या ते सांगायचे. घरात त्यांचा आवाज परत आला, याचा मला फार आनंद होता.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. सगळा गोतावळा घरी जेवायला येणार आणि फिल्टरचा स्पंज काळा, बुळबुळीत झालेला. पाहुण्यांना काय दाखवायचं? मी स्पंज आणि फिल्टरमधल्या चिनी मातीच्या रिंगा मोरीत नेल्या, ब्लीचिंग पावडरने रगडल्या आणि नळाखाली पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत धुतल्या. पाणी लख्ख दिसत होतं. मामा म्हणाले, "केमिकलवाल्याचा टँक शेवटी." मी दिवसभर हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी पाकटाने खाणं सोडलं. त्याच्या कडा भाजत्या पापडासारख्या वर वळल्या. वडील कोळंबी हातात धरून टँकपाशी बसले होते. "खात नाही," एवढंच म्हणाले आणि पुढे त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत. मला पाकटापेक्षा त्यांची भीती वाटली.

सकाळी टँकच्या पाण्याची बाटली भरून कंपनीच्या लॅबमध्ये नेली. केमिस्ट म्हणाला, "साहेब, अमोनिया केवढा हा. कुठल्या कंपनीचं पाणी?"

"आहे एक नालायक," मी म्हणालो.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्या स्पंजमधली काळी बुळबुळ म्हणजे पाण्यातला अमोनिया खाणारे माझेच बॅक्टेरिया. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या जुन्या टँकमधला मळका स्पंज काढून ओलाच पिशवीत दिला. "धोना मत. आगे से टँक के ही पानी में थोडा दबाना, बस." तो मी घरी प्रसादासारखा आणला. पुढे आठ दिवस वडील आणि मी क्लोरीन उडून जावा म्हणून पिंपात शिळं केलेलं पाणी रोज थोडंथोडं बदलत राहिलो. नवव्या दिवशी पाकट सरकत वडिलांच्या हातापाशी आलं आणि त्याने कोळंबी घेतली.

मग मी धीर करून सांगितलं, की चूक माझी होती.

"माहीत आहे," वडील म्हणाले. "धूत होतास तेव्हा दारातच उभा होतो. पावडरीचा वास आला मला."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू शिकलेला. म्हटलं, असेल काहीतरी त्यात."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला शिकवता शिकवता या माणसाने मला रागवायचंच सोडून दिलं होतं आणि ते इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या वेळी स्पंज धुवायला काढला तेव्हा मी आधी त्यांना हाक मारली. ते स्टूल घेऊन शेजारी बसले. टँकचंच पाणी बादलीत घेऊन मी स्पंज दाबला.

"एवढा पिळतोस काय?" ते खेकसले. "अक्कल आहे का? आण इकडे."

मी दिला.