बोडणाच्या परातीत माझा हात

देवासच्या कॉलेजात एड्सवरच्या प्रश्नमंजूषेत मी पहिली आले होते आणि त्याचा मला केवढा तोरा! 'छूने से नहीं फैलता' हे माझं पोस्टर लायब्ररीबाहेर लागलं होतं. वर्गातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "भिया, फिर भी साथ में खाएगा कौन?" त्याला मी सगळ्यांदेखत असा झापला की पठ्ठ्या आठवडाभर माझ्यासमोर आला नाही.

बक्षिसाची बातमी धारला काकूच्या कानावर गेली. दादाच्या लग्नानंतर आमच्याकडे बोडण होतं, त्यासाठी ती आदल्या दिवशीच आली. स्वयंपाकघराचं दार लोटून घेत म्हणाली, "तुला यातलं कळतं, म्हणून तुलाच सांगते. मला एचआयव्ही आहे. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत. काकांशिवाय कोणाला माहीत नाही."

बोडणात चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात. अन्नपूर्णेवर पुरणपोळी, दूध, दही, तूप, मध घालून पाची जणींनी एकत्र हातानं कालवायचं. कुमारिका 'पुरे' म्हणेपर्यंत. ती कुमारिका मीच होते. काकूला नाही म्हणायची सोय नव्हती. अडचण आली म्हणावं, तर आई दिवस बदलणार. खरं सांगावं, तर उद्या धारमध्ये तिला कोणी हळदीकुंकवालाही बोलावणार नाही.

"बसू का गं मी?"

"बिनधास्त बस. काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विळीवर माझं बोट कापलं. एवढंसंच. काकूचे हात अगदी धड होते, गोळ्या वेळेवर चालू होत्या, धोका काहीही नव्हता. मला सगळं पाठ होतं. कशाचं डोंबलाचं पाठ! दुधातुपात तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मधेच उठायचं नसतं. हात काढायचा नसतो. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला काकू, पाठीमागे भिंत.

आईनं मधाची वाटी पुढे केली. "देवी, आणखी काय हवं?"

"पुरे," मी म्हणाले.

अजून दहीसुद्धा घातलं नव्हतं.

"अगंबाई, देवी यंदा लवकर तृप्त झाली!" मावशी हसली. सगळ्या हसल्या. काकूनं फक्त माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

परात गाईकडे गेली. आम्ही मोरीवर हात धुवायला गेलो. काकू नळापाशी पोचली होती, पण मला पाहून ती बाजूला झाली. बरबटलेला हात पदराखाली घेत हळूच म्हणाली, "तू आधी धू. साबणाला मी हात लावलेला नाही."

लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी आधी हात धुतले. दोनदा.