दाजींच्या चौदा मिशिनी

शिलाई मिशिनीवर जीव ओवाळून टाकणारा, पण आयुष्यात स्वतःच्या सदऱ्याचं एक बटणही न लावलेला माणूस पाहायचा असेल, तर हसनाबादला आमच्या दाजींकडे जा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मोसंबीची बाग, दोन म्हशी आणि चौदा मिशिनी असा त्यांचा संसार. यात अक्का कुठं आली, असं तुम्ही विचाराल. अक्का तेच तर लग्न झाल्यापासून विचारते आहे.

दाजींच्या पुढच्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा नाही. तिथं भिंतीला लागून मिशिनी बसलेल्या असतात, लग्नघरात विहिणी बसतात तशा, जरीच्या काठाची झाकणं डोक्यावर घेऊन. आमच्याकडे खेड्यात सुनांना नावानं कुणी हाक मारत नाही, त्यांच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. दाजींनी मिशिनींनाही तोच कायदा लावला. ही परतूरवाली, ती जाफराबादवाली, कोपऱ्यातली शहागडवाली. माझ्या नवऱ्यानं बिचाऱ्यानं एकदा चहाचा कप जवळच्या मिशिनीच्या फळीवर टेकवला, तर दाजींनी झडप घालून कपाखाली स्वतःचा तळहात धरला. "साहेब, राग मानू नका, जाफराबादवालीला डाग बिलकुल चालत न्हाई." तो गरम कप त्यांनी तसाच हातावर तोलून धरला आणि आमचे साहेब भेदरून घटाघटा चहा प्यायले. दिवाळीला पहिल्या आंघोळीच्या आधी सगळ्या मिशिनींना तेल, मग दाजींना. खंडेनवमीला तर काय विचारता, झेंडूचा सगळा बाजार त्यांच्याच घरात! देवघरातल्या देवांना त्या दिवशी उरलेली फुलं मिळतात.

शहागडवाली आली त्या दिवशी मी स्वतः त्या एसटीत होते, म्हणून सांगते. शहागडला आमच्या नात्यातलं लग्न होतं. जेवणं झाली, नवरी वाटेला लागली, आणि दाजी गायब. पाहते तर हायवेच्या एका भंगारवाल्याकडून मिशिन उचलून हे स्टँडवर उभे! तिचा लोखंडी सांगाडा गाडीच्या टपावर चढला, पण मिशिनीचं डोकं मात्र लग्नात मिळालेल्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळून दाजींनी खिडकीच्या सीटवर ठेवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "काका, हे खाली ठेवा, मागं माणसं उभी आहेत." दाजी म्हणाले, "मी पण उभाच आहे की. माझ्या तिकिटावर तिला बसू द्या." कंडक्टरनं कपाळाला हात लावला. मी दुसरीकडे तोंड करून, हा माणूस आपला कुणी नव्हे, असा चेहरा केला, तेवढ्यात दाजींनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "मेहुणीबाई, जरा बघा हो, हिला ऊन लागून राह्यलं का?"

दाजींचा कान तर असा की, तसा कान गवयाला मिळाला असता तर त्यानं नाव काढलं असतं. ओट्यावर बसल्या बसल्या मागच्या गल्लीतल्या मिशिनीचा आवाज ऐकून म्हणणार, "तिचं चाक कोरडं पडलं." आणि तेलाची कुप्पी घेऊन न बोलावता त्या घरी हजर. बायका पदर सावरत बाजूला होत, दाजी दोन थेंब सोडून, चाकावर हात फिरवून परत येत. कुणी चहा विचारला तर म्हणत, "तिला पाजलं ना, बस झालं."

पण स्वतःच्या घरातल्या मिशिनी मात्र मुक्या. प्रत्येक मिशिनीचा चामडी पट्टा काढून पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद, आणि किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला. ही जागा घरातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक असावी. पट्टा नाही म्हणजे चाक फिरणार नाही, आणि चाक फिरणार नाही म्हणजे अक्का शिवायला बसणार नाही. यामागं कारण होतं, तेही सांगून टाकते.

पहिली मिशिन अक्काचीच. आमच्या वडिलांनी, दादांनी, ती तिला आंदणात दिली होती. अक्काला शिवणाचं वेड. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कुणाची तरी चोळी शिवताना सुई मोडून तिच्या बोटात गेली, बोट पिकलं, पार जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. दादा तिच्या उशाशी बसून लहान पोरासारखे रडले. "म्या आंदण न्हाई, लेकीला दुखणं दिलं," म्हणाले. दाजी तेव्हा तरणेबांड, सासऱ्यापुढं हळवे. त्यांनी दादांचे पाय धरले आणि शब्द देऊन टाकला, "दादा, आजपासून मी हिला मिशिनीवर बसू देणार न्हाई." अक्काला कुणी विचारलंच नाही. बोट तिचं, मिशिन तिची, आणि शब्द या दोघा पुरुषांचा! बोट महिन्याभरात बरं झालं, शब्द मात्र तिच्या मानेवर बसला तो बसलाच.

मग अक्कानं काय केलं? जे कुठलीही शहाणी बाई करील तेच. दाजी मिशिनीच्या शोधात एसटीनं गावाबाहेर पडले की कॅलेंडरमागची किल्ली काढायची, पट्टा चढवायचा आणि खडखडखडखड! संध्याकाळी दाजी यायच्या आत पट्टा पेटीत, दोऱ्याचे तुकडे चुलीत. ब्लाऊज, परकर, लेकीचे फ्रॉक, शेजारणींच्या पिशव्या, सगळं तिनं असंच शिवलं. दाजींनी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "भोकरदनच्या टेलरकडून आणलं." दाजी कापड उलटं करून शिवण निरखत आणि मान डोलवत, "टेलरचा हात चांगलाय." अक्का हे मला सांगायची आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. इतका मिशिनवेडा माणूस, आणि घरात काय चाललंय याचा पत्ता नाही!

असं सुखात चाललेलं असताना गेल्या वर्षी दाजींचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. दाजी दिवसभर घरात. आणि नेमकी त्याच वेळी त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. नातवंडाची कुंची आपल्या हातानं शिवायची, हे अक्कानं लेकीच्या लग्नातच मनाशी ठरवलं होतं. हिरवी खणाची कुंची बेतून, कापून धान्याच्या कोठीत लपवलेली, आणि हे खांबासारखे घरात! एक दिवस अक्काचा फोन आला. आवाज इतका खाली की मला वाटलं काही वाईट घडलं. "अगं, ये आन् ह्यांना कुठंतरी घेऊन जा. पोरगी परवा येऊन राह्यली. टेलरच्या हातची कुंची माझ्या नातवाच्या डोक्यावर मी घालणार न्हाई, सांगून ठेवते."

मी दुसऱ्याच दिवशी जालन्याहून निघाले, हसनाबादला रिक्षा ठरवली आणि दाजींना सांगितलं, "भोकरदनला एक जुनी मिशिन निघालीय, चला." दाजी काठी घेऊन मुकाट्यानं रिक्षात बसले. मिशिन कुणाची, चाक शाबूत आहे का, काही म्हणता काही विचारलं नाही. एरवी एवढ्या वाटेत त्यांनी मिशिनीचं सगळं कूळ काढलं असतं. भोकरदनच्या स्टँडसमोर हॉटेलात बसलो, मी भजी मागवली आणि आता मिशिनवाला गावाला गेला म्हणून सांगावं की आजारी पडला म्हणून, याचा विचार करू लागले.

"मेहुणीबाई," दाजी भजी फुंकत म्हणाले, "मिशिन-बिशिन काही न्हाई ना?"

"म्हणजे काय दाजी, आहे की..."

"नसू द्या. निवांत खा. कुंचीच्या काठाला गोट लावायचा म्हणजे टाइम लागतो."

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता बघा, मिशिन बंद ठिवली तर तेल गोंदावानी घट्ट होतं, चाक हलत न्हाई. माझ्या घरातली मिशिन इतकी वर्षं लोण्यावानी फिरून राह्यली. मला एवढंही कळत न्हाई? आन् किल्ली लपवायला मला दुसरी जागा घावली नसती का?"

"मग सांगायचं ना अक्काला, की शीव म्हणून! दादा जाऊनसुद्धा किती वर्षं झाली!"

"पाय धरून शब्द दिल्ता मी. ते गेले म्हणून मोडू का? मी बसू देणार न्हाई म्हणलो होतो. मी घरातच नसलो तर सवाल येत न्हाई. म्हणून बाहेर पडायचं. पण मला पत्ते येत न्हाई, राजकारण येत न्हाई, माणसानं जावं कुठं? पहिल्यांदा परतूरला उगाच भटकून आल्तो, तर तुमच्या अक्कानं विचारलं, कशाला गेल्ते? तोंडातून निघालं, मिशिन बघायला. मंग एक आणावीच लागली."

"आणि बाकीच्या?"

"जीव लागला मंग," दाजी लाजून म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आता पाय चालेनात. मी खुर्चीत, आन् ती माझ्याकडं बघती, हा कधी उठतो म्हणून. रात्रंदिवस त्या कुंचीचा घोर लागल्ता. तुमची रिक्षा दारात दिसली तव्हा कुठं जीव भांड्यात पडला." मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी आपली आणखी एक प्लेट भजी सांगितली.

ऊन उतरल्यावर परत निघालो. गल्लीच्या तोंडाशी दाजी रिक्षावाल्याला म्हणाले, "हॉर्न मार." तो म्हणाला, "समोर कुणी न्हाई काका." "मार म्हणलं ना! दोनदा मार." मग रिक्षा इतकी सावकाश नेली की शेजारचं कुत्रं आमच्या पुढं निघून गेलं. दारात अक्का उभी, पदराला हिरवा दोरा चिकटलेला. दाजींनी लगबगीनं चपला काढायला मान खाली घातली.

"मिशिन न्हाई आणली?" अक्कानं विचारलं.

"मोडकी निघाली."

"टेलरचा माणूस आत्ताच कुंची देऊन गेला," अक्का म्हणाली. दाजींनी कुंची हातात घेतली, उलटी केली, गोटावरून बोट फिरवलं. "टेलरचा हात चांगलाय," ते म्हणाले. "फक्त त्याला म्हणा, चष्मा बदल. हितं टाका जरा सुटलाय." अक्का म्हणाली, "सांगते त्याला." आणि चहा ठेवायला आत गेली.

नात झाली. तिच्या डोक्यावर ती हिरवी कुंची इतकी शोभली की आल्या-गेल्या बाया भोकरदनच्या टेलरचा पत्ता विचारत होत्या. आता दाजींना रिक्षातही बसवत नाही. ते दुपारी फार तर ओट्यापर्यंत येतात आणि रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसतात. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते असेच बसलेले. आतून अक्काची मिशिन खुशाल खडखडत होती. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं थांबून विचारलं, "काका, आज घरात शिवण चालू दिसतंय?" मागच्या गल्लीतलं कोरडं चाक ओळखणारे आमचे दाजी कानामागं हात धरून म्हणाले, "काय म्हणलास? मला आताशा काहीच ऐकू येत न्हाई बाबा."

मी आत गेले. अक्कानं पाय न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "ह्यांचे कान गेले गं बिचाऱ्यांचे," ती म्हणाली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसून पुन्हा मिशिनीवर वाकली. तेवढ्यात दोरा तुटला, आणि तिला सुईचं नेढं काही नीट दिसेना. मी सुईत दोरा ओवून दिला आणि दाजींच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले.