काकडीवालीचे आठ खडे

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. घाटकोपरहून बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी बघायला जायचं ठरलं. बरोबर बायको, मेहुणी आणि दोन मुली, म्हणून आधीच्या रविवारी मी एकटाच रस्ता बघून यायला गेलो.

जंगलाच्या गेटवर एक म्हातारी काकड्या विकत होती. तिला वाट विचारली, तर तीच मला विचारायला लागली, "किती जणं येणार? बाया किती? परत कधी फिरणार?" माझं डोकं सटकलं. हिला कशाला नसती पंचाईत? आत हिचे साथीदार बसले असणार, बायकांच्या गळ्यातलं ओढायला! मी ठोकून दिलं, "आठ जण. तिघं तर पहिलवान आहेत."

पुढच्या रविवारी आम्हा पाचांना बघून तिनं विचारलं, "आणि पहिलवान?"

"पुढे गेलेत."

तिनं टोपलीच्या उजवीकडे आठ खडे मांडले. ती कसली खूण, या विचारात मी दिवसभर मागे वळून बघत चाललो. लेणी धड बघितलीच नाहीत.

संध्याकाळी बाहेर आलो, तेव्हा बाकीचे विकणारे निघून गेले होते. रिकाम्या टोपलीशी ती एकटीच बसली होती. आम्हाला बघून तिनं पाच खडे डावीकडे सरकवले आणि पुन्हा जंगलाकडे डोळे लावले.

"तुझे तिघं आले की मी पण घरी जाते, भाऊ. आत वाट चुकतात रे माणसं."

मी वाकून उरलेले तीन खडे डावीकडे ठेवले.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग रिकामी टोपली उचलून छातीशी घट्ट धरली.