कोऱ्यातलं शिसं

तंबाखूत शिसं किती असतं हे मोजायला मी यंत्रापुढे उभा होतो, आणि ज्या बाटलीत तंबाखू नव्हतीच तिच्यातच शिसं निघालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा गिरणीत, गालात कायम तंबाखू. माझ्या संशोधनाचा विषय ऐकून ते म्हणाले होते, "तंबाखूत धातू? आमी का खिळे चावून राहिलो का बे?" तरी पहिला नमुना मी त्यांच्याच पुडीतून नेला होता.

धातू मोजायचं यंत्र आमच्या विभागात नव्हतं. दुसऱ्या संस्थेत होतं, आणि त्यांनी आम्हाला एक सकाळ दिली होती. आकडे नीट आले तरच माझे मार्गदर्शक सर शिष्यवृत्ती वाढवायची शिफारस करणार होते. नाहीतर घरी बसायचं. सर स्वतः शेजारी उभे होते.

तंबाखू आम्लात उकळायची, गाळायची, आणि तो द्रव काचेच्या बाटल्यांत भरायचा. सोबत पहिली आणि शेवटची बाटली सगळं तसंच करून, फक्त तंबाखू न घालता. अशा बाटलीला आम्ही कोरा म्हणायचो. कोऱ्यात काही निघालं तर समजायचं, घाण आपलीच.

यंत्र चालवणाऱ्या काकांनी गॅसची ज्योत पेटवली आणि नळी कोऱ्यात सोडली. काटा सरकला तो सरकतच गेला.

"काहून गा," काका म्हणाले, "तुहा कोराच बोलून राहिला न!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हात नीट धुतले होते का तुम्ही?"

आमच्या वस्तीतल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पण मी ऐकून घेणार नव्हतो.

"धुतले होते सर. शेवटची बाटलीही कोऱ्याचीच आहे. ती लावू."

"गॅस संपत आलाय. उगाच..."

"लावा, काका."

काकांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नळी उचलली. काटा जागचा हलला नाही.

म्हणजे आम्ल स्वच्छ, पाणी स्वच्छ, हातही स्वच्छ.

"मग पहिल्यात काय पडलं?" सरांच्या आवाजात संशय अजून तसाच होता.

मी ती बाटली खिडकीपाशी नेली, बूच काढलं. बुचाची काच जिथे खरबरीत असते, तिथे बारीकशी केशरी रेघ होती. बाटल्यांच्या लाकडी पेटीकडे पाहिलं. झाकणावर त्याच रंगाचं स्वस्तिक.

आमच्या विभागातली दसऱ्याची यंत्रपूजा. मी त्या दिवशी नव्हतो. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमचा दसरा पांढऱ्या कपड्यांत, दीक्षेच्या मैदानावर. बाटल्या आदल्या दिवशीच आम्लात भिजवून, धुऊन पेटीत ठेवल्या होत्या. पूजेत मान पहिल्या बाटलीला, आणि पहिली बाटली नेहमी कोऱ्याची. टिळा लागला, मागाहून कोणी फडक्यानं पुसला, पण तेलातला शेंदूर बुचाच्या फटीत राहिला. भरल्यावर बाटली उलटीसुलटी करून हलवतात. आम्लानं तो आत ओढून घेतला.

आमच्याकडे पूजा दरवर्षी सरच करायचे.

"सर, शेंदूर आहे," मी म्हणालो. शेंदूर म्हणजे शिसंच, हे सांगायची गरज नव्हती. ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

"पूजा पावली म्हना सर!" काका हसले.

सर हसले नाहीत. नखानं ती रेघ खरवडली, बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवटचा कोरा खरा धरा. तंबाखू लावा, लवकर."

ज्योत फडफडायला लागली होती. बाबांच्या पुडीचा नंबर आला तेव्हा काटा थोडासा उचलला, थरथरला, थांबला. थोडं होतं, पण ते तंबाखूचं होतं.

शिफारस झाली. हातांचं बोलणं सरांनी परत घेतलं नाही, मीही उकरून काढलं नाही. पुढच्या दसऱ्याआधी मात्र त्यांनी मला बोलावलं, माझ्यासमोर पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मैदानावर जाताना सोबत न्या," म्हणाले.