मायच्या दारात उभी राहिलेली गाडी

आधी शकीलभाईंचं नाव घेतो, मग बाकीचं. भडगावला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. ते नसते तर हे लिहायला मी शुद्धीवर नसतो.

मी नववीतून शाळा सोडलेली. तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर आहे. भूत, करणी, उतारा... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. तरी जे झालं ते झालं.

इथली भाषा येत नाही, म्हणून सुट्टीत मोबाईलवर शहर वसवायचा गेम खेळतो. मी भडगावच वसवलं होतं. बाजूने नदी, आमच्या गिरणा नदीसारखीच वळणारी. गल्लीच्या टोकाला एक छोटं घर, त्याला नाव दिलं 'माय'. माय तिकडे एकटीच राहते, तिला शुगर आहे. दिवसातून दहादा फोन लावतो म्हणून ती चिडते.

पण गेममधली वस्ती काही वाढेना. पाणी दिलं, लाईट दिली, शाळा बांधली, तरी घरं ओस पडायची, वर कवटीचं चिन्ह यायचं. माझ्या खोलीतला दिनेश धुळ्याचा. त्याने बघितलं आणि पोट धरून हसला.

"काय भो! मेलेली माणसं घरातच ठेवतो का? मसणवटा कुठाय तुझा?"

"नाही बांधणार."

"का?"

"गावाचं नाव आहे त्याला. मायचं घर आहे."

"येड्या, गेम आहे तो! मग बस ओसाड गावाचा पाटील होऊन."

त्याचं बोलणं लागलं. रविवारी दुपारी जेवणानंतर नदीपलीकडे स्मशान बांधलं. खरं सांगतो, वस्ती झरझर वाढायला लागली. रिकाम्या घरांत माणसं आली. मी खूश.

तेवढ्यात स्मशानातून मढी उचलणारी एक काळी गाडी निघाली. जिथे कवटी असेल तिथेच ती जाते, हा गेमचा नियम. ती सगळी घरं सोडून सरळ गल्लीच्या टोकाला गेली आणि 'माय'समोर थांबली. घरावर कवटी नव्हती.

मी रस्ता पुसला. गाडी उभीच. मग स्मशानच पाडून टाकलं. ते पाडलं की त्याच्या गाड्या आपोआप गायब होतात, हे दिनेशनेच मला सांगितलं होतं.

गाडी उभीच...

"बग असंल," दिनेश म्हणाला. पण हसला नाही.

मायला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा तेच. मग शकीलभाईंना लावला. काय सांगणार? गेममध्ये गाडी आली म्हणून? तरी तेच सांगितलं, रडत.

दुसरा कुणी असता तर शिव्या घालून फोन ठेवला असता. ते एवढंच म्हणाले, "फोन चालू ठेव. मी जास मायकडे."

दार आतून बंद होतं. त्यांनी हाका मारल्या, मग खांद्याने धक्के देऊन कडी उखडली. मला सगळं ऐकू येत होतं. माय मोरीत पडलेली, डोक्याला खोक, शुद्ध नाही. त्यांनी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, तिथून जळगावला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"रडू नको रे. तुनी माय जिवत शे. बठ्ठं ठीक शे. मलेच डाफरी राहिनी, कडी का तोडी म्हणीसन!"

मी आणि दिनेशने मोबाईलवर गेम उघडला. गाडी हलली. रस्ता नसलेल्या जागेवरून वळली, नदी ओलांडली आणि नकाशाच्या कडेपलीकडे गेली. दिनेशने हे डोळ्यांनी पाहिलंय. त्याला विचारा.

गेममधले जाणकार म्हणतात, सर्व्हरचा घोळ. असेल. मग ती त्याच घरासमोर का उभी राहिली, हे मला त्यांच्यापैकी एकानेही सांगितलेलं नाही. मलाही कळलेलं नाही.

गेम मी काढून टाकलेला नाही. का काढू? घाबरून? स्मशान मात्र पुन्हा बांधलं नाही, बांधणारही नाही. घरं ओस पडू देत, वस्ती खुंटू दे, दिनेश मला ओसाड गावाचा पाटील म्हणू दे. त्या गाडीला माझ्या गावात जागा नाही.

आणि शकीलभाई, तुमचा मुलगाही दूर आहे, सौदीला. मी भडगावला परत येणार, एवढं नक्की. मग कधी तुमचं दार आतून बंद राहिलं आणि त्याचा मला फोन आला, तर 'तुला कसं कळलं' असं न विचारता ते तोडणारा मी असेन. नंतर तुम्ही कडीसाठी खुशाल डाफरा.