आभार मानले, पत्रा महागला

आमच्या ह्यांना माइक दिसला की आभार मानायची खाज सुटते. चौकात कुणाचं बारसं असो की सरपंचाचा सत्कार, शेवटचं आभारप्रदर्शन यांचंच. मंडपवाल्यापासून सुरुवात करतात. मला आधी कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू.

जुन्या हायवेला लागून आमचा लोखंडी कपाटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक शेड, पत्रा वाकवायचं मशीन आणि गावातलीच थोडी माणसं. परदेशातून येणारा पत्रा स्वस्त पडायचा, म्हणून आमचं कपाट खपायचं. त्या पत्र्यावर सरकार ड्युटी, म्हणजे आयात कर, बसवणार अशी कुणकुण लागली. ड्युटी बसली की शेडला कुलूप, इतकं सरळ होतं ते.

सरकारला सल्ला देणारे एक साहेब होते. पगार पोलादाच्या मोठ्या कंपन्यांचा, खुर्ची सरकारी समितीत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! दहिवलीच्या पुढे त्यांचं फार्महाऊस. छोट्या कारखानदारांचं म्हणणं ऐकून घ्या, असं समितीनं सांगितलं होतं म्हणे, म्हणून साहेबांनी आम्हा सगळ्यांना तिथंच मडक्यात भाजलेली पोपटी खायला बोलावलं. आदल्या दिवशी झाडून सगळे कपाटवाले आमच्या शेडमध्ये जमले. ड्युटी नको हे ठणकावून सांगायचं आणि ते आमच्या ह्यांनीच सांगायचं, असं ठरलं.

साहेब पडद्यावर चित्रं दाखवत देशहितावर बोलले. बाण वर जात होते, खाली येत होते. आम्ही माना डोलवत होतो. प्रश्न विचारायची वेळ झाली आणि नेमकी तेव्हाच मडकी उघडली. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी समोर आली, प्रश्न गेले उडत. हात धुऊन झाल्यावर साहेबांनी विचारलं, आता आभार कोण मानणार? झालं! हे उठले. मडकी लावणाऱ्यापासून सुरुवात करून शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेबांच्या शब्दाबाहेर आमी नाय."

घरी आलो. मग विचारलं, हे काय केलंत?

"अगं, आभारात कोन भांडतं का? त्यात खाल्लेलं त्यांचंच."

उन्हाळ्यात ड्युटी बसली. टीव्हीवर साहेब सांगत होते की छोट्या कारखानदारांशी बोललो, त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. मागे चित्र आमच्या ह्यांचं, हात जोडलेलं. बाहेरचा पत्रा महागला, त्याच्या आडोशानं देशी कंपन्यांनीही भाव चढवला. आमचं मशीन भंगारात गेलं, माणसं घरी बसली. आता आम्ही लोकांच्या जुन्या कपाटांची कुलपं दुरुस्त करतो. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढच्या थंडीत पुन्हा पोपटीचं आमंत्रण आलं. ड्युटी आणखी वाढवायची होती. हे शर्टाला इस्त्री करायला लागले. म्हटलं, ठेवा ती इस्त्री, या वेळी आभार मी मानणार, आणि तेही जेवायच्या आधी, मीठ पोटात जायच्या आत.

तिथं माइक हातात घेतला आणि सरळ बोलले. "साहेबांचे आभार. त्यांच्यामुळे आमचं मशीन गेलं, माणसं घरी बसली. आणखी ड्युटी वाढवा, म्हणजे उरलेल्या शेडांनाही कुलूप लागेल."

मला कुणी अडवलं नाही. आभार मध्येच तोडायची आपल्याकडे रीत नाही. ऐकायचीही नाही. सगळ्यांचे डोळे मडक्यांकडे. मी थांबले तशा टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात साहेबांच्या. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि छान बोललात ताई, असंही म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ते टीव्हीवर सांगत होते की या वेळी महिला उद्योजकांचाही पाठिंबा आहे. मागे चित्र होतं. मी शाल पांघरून उभी, आणि शेजारी आमचे हे, टाळ्या वाजवताना.